उभा मजकूर

छापखाना बंद झाला तेव्हा ओटिली ब्रोडबेकला
एक घड्याळ मिळालं, आणि पितळेची ती पट्टी
जिच्यात एकतीस वर्षं तिनं
शिशाचे खिळे डोक्यावर उभे करून जुळवले होते.
ऱ्हाईनपलीकडे, विद्यापीठाच्या चौथ्या मजल्यावर,
अक्षरं वाचणारं माणूस हवं होतं.
"कुठल्या भाषेतली?"
"माशीच्या," पिर्क्को म्हणाली.

चारच अक्षरं. ए, सी, जी, टी.
ना काना, ना मात्रा,
ना दोन शब्दांमधली फट.
फिल्म उजेडाच्या पेटीवर पसरायची,
शेजारी शेजारी चार जिने,
आणि तळातून वर चढायचं.
जी पायरी काळी, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं.
ओटिली वाचणार, पिर्क्को लिहिणार,
मग अदलाबदल, मग पुन्हा पहिल्यापासून,
कारण डोळा थकला की पायरी गाळतो
(छापखान्यातही गाळायचाच)
आणि एक अक्षर गळलं
की पुढचं सगळं वाक्य बडबड होतं.

शेजारच्या खोलीत दुधाच्या बाटल्या,
तळाशी मक्याची लापशी, वर माशा.
सबंध मजल्याला आंबूस वास, जो तिच्या कोटातून
होडीवरही जायचा. ती होडी बिनइंजिनाची,
वर तारेला बांधलेली,
प्रवाहच तिला आडवी नेतो.
होडीवाला एर्विन, तोही जुना जुळारी,
"काय, हल्ली माशा मारतेस म्हणे?"
"मारत नाही. वाचते."

एकदा पिर्क्कोनं भिंगाखाली एक दाखवली.
कपाळावर, मिशांच्या जागी, पाय.
दोन धडधाकट पाय, सांध्यांसकट, नख्यांसकट,
हवेत जमीन चाचपणारे.
पायीची वहाण पायी बरी,
इथे तर पायच डोक्यावर चढलेला.
ओटिली बराच वेळ वाकून राहिली.
"पाय उत्तम जुळवलाय," ती म्हणाली,
"फक्त पान चुकलंय."
पिर्क्कोनं ते वहीच्या समासात लिहून ठेवलं.
त्या दिवसापासून नेमकी कुठे माशी शिंकली
हे त्या खोलीत कुणी गमतीनं विचारेना.

त्या गुणसूत्रावर, पिर्क्को सांगायची,
डोक्याचं आधी, मग छातीचं, मग पोटाचं,
जशी माशी, तशीच तिची अनुक्रमणिका.
ओटिली मान डोलवायची.
यात तिला नवल वाटत नव्हतं.
अनुक्रमणिका असणारच. पुस्तक आहे म्हटल्यावर.

नवल फेब्रुवारीत घडलं, कार्निव्हलच्या सोमवारी.
पहाटे चारला शहराचे दिवे घालवतात,
मग गल्लीगल्लीतून नुसते कंदील, ढोल, बासऱ्या.
चौथ्या मजल्यावर उजेडाची पेटी तेवढी जळत होती,
तिच्यावर ओली फिल्म. माशीची नव्हे, बेडकाची.
ओटिली वाचत होती. पिर्क्कोचं पेन थांबलं.
"तू फिल्मकडे बघत नाहीयेस."

खरंच. ती खिडकीकडे बघत होती,
आणि तोंड चाललं होतं. उजव्या हाताची बोटं
हवेतल्या खणांतून एकेक खिळा उचलत होती.
"ही ओळ मी जुळवलीये," ती म्हणाली. "मागच्या वर्षी."

दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्या.
एकशेऐंशी अक्षरं. मधूनमधून फरक,
नव्या आवृत्तीत शुद्धलेखन बदलावं तेवढा.
बोलणं तेच.

पिर्क्को खुर्चीत बसली, मग उठली, मग पुन्हा बसली.
माशी आणि बेडूक वेगळे झाले त्याला,
म्हणाली, साठेक कोटी वर्षं झाली असतील.

छापखान्यात काही मजकूर मोडत नसत.
शोकवार्तेची चौकट. होडीचे दर.
पुन्हा लागणारच, म्हणून सुतळीनं बांधून
तसाच फळीवर ठेवायचा, धूळ बसली तरी.
उभा मजकूर म्हणत त्याला.
नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावायचे,
त्या फळीला हात लावायचा नाही.

"सुतळी कुणी बांधली?" ओटिलीनं विचारलं.
खाली ढोल कोपऱ्यावरून वळले.
पिर्क्को म्हणाली, "पुन्हा वाच. पहिल्या पायरीपासून.
या वेळी बघून."

ओटिलीनं चष्मा पुसला.
सत्तरावं अक्षर पुसट होतं.
तिथे तिनं पेन्सिलीनं
बारीक प्रश्नचिन्ह काढलं, आणि वर चढली.